पुस्तक आहे, पण शब्द नाहीत!

मुलांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. एक जाडजूड पुस्तक आहे, चांगलं १२८ पानांचं. त्यात आगगाडी आहे, बोट आहे, चित्रविचित्र प्राणी आहेत, एक बाबा आहे, आई आहे, त्यांची लहानगी मुलगी आहे. सुरुवात, मध्य, शेवट अशी सगळी गोष्ट आहे. पण सबंध पुस्तकात वाचता येईल असा एकही शब्द नाही! मग हे पुस्तक वाचायचं कसं?

आमच्या चौथीच्या वर्गात मी हा प्रश्न विचारला तेव्हा एकजण पटकन म्हणाला, "सोप्पंय बाई, बघायचं!" दुसरा म्हणाला, "मग ते बालवाडीचं असणार." मी काहीच बोलले नाही. पिशवीतून पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. मुखपृष्ठ जुन्या चामड्याच्या फोटो-अल्बमसारखं. त्यावर हॅट घातलेला, हातात सूटकेस धरलेला एक माणूस जरासा वाकून एका पांढऱ्या, शेपटीवाल्या प्राण्याकडे बघतोय. असा प्राणी तुम्ही-आम्ही कधीच पाहिलेला नाही. त्या माणसानेही नाही, हे त्याच्या तोंडावरून कळतंच. वर्ग एकदम पुढे सरकला.

पुस्तकाचं नाव 'द अरायव्हल', म्हणजे 'येऊन पोचणं'. ते २००६ साली ऑस्ट्रेलियात प्रसिद्ध झालं. काढलंय शॉन टॅन या चित्रकाराने. हो, 'लिहिलंय' म्हणता येत नाही ना! माझी बहीण परदेशातून येताना ते घेऊन आली होती. "तुझ्या शाळेत चालेल, भाषेची अडचण नाही," असं हसत हसत म्हणाली होती. ती किती खरं बोलली होती ते मला नंतर कळलं.

आधी गोष्ट थोडक्यात सांगते. पहिल्याच पानावर लहान लहान नऊ चौकटी. कागदाचा पक्षी, घड्याळ, हॅट, पातेलं, लहान मुलाने काढलेलं चित्र, टवका उडालेली चहाची किटली, सूटकेस, घरच्यांचा फोटो... घरात असतात तशा साध्या वस्तू. पान उलटलं की बाबा तो फोटो कागदात गुंडाळून सूटकेसमध्ये ठेवताना दिसतो. त्याच्या हातावर आईचा हात. कुणीतरी गाव सोडून निघालंय! तिघं स्टेशनाकडे चालू लागतात आणि तेवढ्यात आपल्याला गावाच्या घरांवरून सरपटणाऱ्या, काटेरी, प्रचंड शेपट्यांच्या सावल्या दिसतात. ते काय आहे, ते चित्रकार सांगत नाही. भीती मात्र वाटते. स्टेशनावर बाबा हॅट काढतो, तर तिच्याखाली मुलीसाठी कागदाचा पक्षी! गाडी सुटते. आई आणि मुलगी माघारी वळतात.

मग बोटीचा प्रवास, मग एक अजब शहर. तिथली अक्षरं वेगळी, भाज्या वेगळ्या, घड्याळं वेगळी, प्राणी तर विचारूच नका. राहायला खोली हवी हे कसं विचारायचं? बाबा वहीत खाटेचं चित्र काढून दाखवतो. खायला काही हवं तेही चित्र काढूनच. मग काम शोधायला निघतो. त्याला घरच्यांना पैसे पाठवायचे असतात ना! पुढचं मी सांगणार नाही. ते या गोष्टीच्या शेवटी लागणार आहे.

आता माझी फजिती सांगते. पहिल्या दिवशी मी काय केलं, तर नेहमीप्रमाणे पुस्तक छातीशी उघडं धरलं आणि एकेका चित्राची गोष्ट रंगवून सांगितली. आवाज बदलले, हातवारे केले. मुलं शहाण्यासारखी बसली. तास संपला, मुलं डबे घेऊन पळाली. दुसऱ्या दिवशी विचारलं तर निम्म्यांना काही आठवेना! माझ्या लक्षात आलं, की ज्या पुस्तकातून चित्रकाराने मुद्दाम शब्द काढून टाकले होते, ते सगळे मी आयते भरून दिले होते. मुलांना करायला कामच उरलं नव्हतं.

म्हणून दुसऱ्यांदा मी तोंड मिटलं. चौघाचौघांचे गट केले, पुस्तक जमिनीवर मधोमध ठेवलं आणि नियम सांगितला: पान उलटायचं, बोलायचं, भांडलात तरी चालेल. मी फक्त एकच प्रश्न विचारणार, "कशावरून?"

बापरे! मग जी वादावादी सुरू झाली! बोटीच्या प्रवासात एक जोडपान आहे. त्यावर काही नाही, नुसते ढग. लहान लहान चौकटींत ढगच ढग. एकाने मोजले, भरले साठ! "एक चौकट म्हणजे एक दिवस," तो म्हणाला. "म्हणजे दोन महिने बोटीत!" दुसरी म्हणाली, "एकाच दिवसातले असतील. त्याला कंटाळा आलाय, म्हणून तो सारखा वर बघतोय." "कशावरून?" मी विचारलं. "मी गावाला जाताना एस्टीतून असंच बघते." मग तिसऱ्याला आठवलं, की मुखपृष्ठ उलटल्यावर पासपोर्टच्या फोटोंसारखे लहान लहान चेहरे आहेत. कुणी फेटेवाला, कुणी डोक्याला रुमाल बांधलेली बाई, कुणी लहान मूल. त्याने जाऊन ते मोजले. तेही साठ! आता हे मुद्दाम केलंय की योगायोग, यावर मधली सुट्टी संपेपर्यंत चर्चा. खरं उत्तर मलाही ठाऊक नव्हतं आणि त्यातच सगळी गंमत होती.

चित्रांची पुस्तकं भराभर पानं उलटून संपवायची असतात, असं आपल्याला वाटतं. इथे उलट होतं. छोट्या छोट्या चौकटी आल्या की वेळ हळू चालतो, जणू आपण त्या माणसाच्या खांद्यावरून बघतोय. मध्येच दोन्ही पानं भरून एकच चित्र येतं आणि आपण थबकतो. काळ दाखवायची आणखी एक युक्ती पुढे आहे: एकाच झाडाची चित्रं ओळीने काढलीत, कोंब, पान, फूल, मग सगळं झडलेलं, मग बर्फ. वर्ष सरलं! 'एक वर्ष गेलं' ही तीन शब्दांची ओळ वाचायला एक सेकंद लागतो. ही चित्रं बघायला जास्त वेळ लागतो आणि त्या बाबालाही वर्ष काढायला वेळच लागला असणार.

चित्रकाराने आणखी एक हुशारी केलीय, माझ्या मते सगळ्यात मोठी. त्या नव्या शहरात सगळीकडे पाट्या आहेत, तिकिटं आहेत, फॉर्म आहेत, पण लिपी कुठलीच नाही! शॉन टॅनने इंग्रजी अक्षरं आणि आकडे कापून, त्यांचे तुकडे वेडेवाकडे जोडून नवीच अक्षरं बनवली. ती जगात कुणालाच वाचता येत नाहीत. वर्गात पहिला नंबर येणाऱ्यालाही नाही, बाईंनाही नाही. म्हणजे ते पान बघताना आपण सगळे त्या बाबाइतकेच अडाणी होतो.

हे मला वर्गातल्या एका मुलीमुळे समजलं. तिच्याबद्दल सांगते, नाव मात्र सांगणार नाही.

ती आमच्याकडे वर्षाच्या मध्यावर आली. वडील बांधकामावर गवंड्याच्या हाताखाली. उत्तर कर्नाटकातून पुण्याच्या कडेला आलेले. आई आणि धाकटा भाऊ गावीच. घरची भाषा कन्नड. थोडं मोडकंतोडकं हिंदी येत होतं. मराठी नाहीच. ती शेवटच्या रांगेत खिडकीपाशी बसायची आणि मी काहीही विचारलं तरी मान हलवून "हो" म्हणायची. "समजलं?" "हो." "डबा आणलास?" "हो." "नाव काय तुझं?" "हो." मुलं हसायची. मी तिला रागावले नाही कधी, पण मनातल्या मनात 'कच्ची' अशी खूण केली होती आणि जोडाक्षरंसुद्धा न येणाऱ्या गटात तिला बसवलं होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं ते खरं.

त्या दिवशी तिच्या गटाची पाळी होती. गोष्टीतल्या बाबाला भिंतींवर जाहिराती चिकटवायचं काम मिळतं. तो मन लावून चिकटवतो, पण सगळ्या उलट्या, डोकं खाली नि पाय वर! ते पान बघून बाकीची तिघं फिदीफिदी हसायला लागली. ती हसली नाही. चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "उसको पढना नै आता, बाई."

मी सवयीने विचारलं, "कशावरून?"

मग ती बोलायलाच लागली. हिंदी, थोडं कन्नड, मध्येच एखादा मराठी शब्द. पुण्यात आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिचे वडील भलत्याच बसमध्ये चढले. बसच्या पाटीवर आकडे मराठीत. त्यांना कन्नड आकडे येतात, इंग्रजी येतात. मराठी 'एक' त्यांना इंग्रजी 'नऊ'सारखा वाटला. (मुलांनो, १ लिहून बघा आणि शेजारी इंग्रजी नऊ काढा. आपल्याला आयुष्यात कधी सुचलं नव्हतं ना?) ते शहराच्या दुसऱ्या टोकाला उतरले आणि रात्र पडल्यावर चालत चालत परत आले. "पप्पा को पढना आता है," तिने पुन्हा बजावलं. "ये वाला नै आता." आणि पुन्हा जाहिरातीवर बोट.

तिच्या गटातली मुलं आता हसत नव्हती. एकाने विचारलं, "मग रात्री तू एकटीच होतीस?" तिने मान हलवली, "हो." हा 'हो' खरा होता.

त्या दिवसापासून हे पुस्तक उघडलं की तिची जागा मध्ये. सामानाच्या गाठोड्यात फोटो का, नवी जागा मिळाली की भिंतीवर पहिल्यांदा काय लावतात, पैसे कसे पाठवतात, हे बाकीच्यांनी तिला विचारायचं. इतर पुस्तकांत ती सगळ्यांच्या मागे होती. इथे ती सगळ्यांच्या पुढे होती, कारण गोष्टीतल्या रस्त्यावरून ती स्वतः चालून आली होती.

आता थोडं चित्रकाराबद्दल. शॉन टॅनचा जन्म १९७४ चा, पश्चिम ऑस्ट्रेलियातला. त्याचे वडील चिनी वंशाचे. ते १९६० साली मलेशियाहून वास्तुकला शिकायला तिथे गेले आणि तिथेच राहिले. आई ऑस्ट्रेलियनच. पर्थ शहराच्या बाहेरच्या वस्तीत तो वाढला. लोक त्याला विचारायचे, "तू कुठला रे?" तो सांगायचा, "इथलाच." तरी पुढचा प्रश्न यायचाच, "बरं, पण तुझे आईवडील कुठले?" जिथे जन्मला तिथेच असा प्रश्न! आपल्या वर्गात, आपल्या चाळीत, सोसायटीत हा प्रश्न कुणाकुणाला विचारला जातो, जरा आठवा.

हे पुस्तक करायला त्याला चार वर्षांहून अधिक काळ लागला. आधी तो नेहमीसारखं, शब्द असलेलं छोटं पुस्तक करणार होता. पण रेमंड ब्रिग्ज यांचं 'द स्नोमॅन' हे १९७८ सालचं शब्दांशिवायचं पुस्तक पाहून त्याने शब्द काढून टाकले. काय काय शोधलं त्याने! परदेशात जाऊन राहिलेल्या माणसांच्या आठवणी वाचल्या, जुने फोटो जमवले. बोटीवरच्या गर्दीचं चित्र टॉम रॉबर्ट्स यांच्या १८८६ सालच्या एका चित्रावरून सुचलेलं, तर पेपर विकणाऱ्या पोराचं चित्र १९१२ सालच्या फोटोवरून. त्या फोटोतला पोरगा 'टायटॅनिक' बुडाल्याची बातमी ओरडून विकतोय! आणि हॅटवाला बाबा? तो चक्क शॉन टॅनच! स्वतःच उभं राहून त्याने त्या माणसाच्या हालचाली करून पाहिल्या आणि त्यावरून चित्रं काढली.

बोटीतून उतरल्यावरचा एक प्रसंग तर इतिहासातूनच उचललाय. मोठा थोरला दिवाणखाना, रांगाच रांगा. डॉक्टर डोळे तपासतात, छाती तपासतात, कोटावर चिठ्ठ्या टाचतात. साहेब प्रश्न विचारतात आणि बाबाला एक अक्षर कळत नाही. बारीक बारीक चौकटींत तो नुसते हातवारे करतो, खांदे उडवतो, कपाळ धरतो. असं ठिकाण खरोखर होतं: अमेरिकेत न्यूयॉर्कच्या बंदरातलं एलिस बेट. १८९२ ते १९५४ या काळात सुमारे १ कोटी २० लाख माणसं तिथून अमेरिकेत शिरली. तिथले डॉक्टर शंका आली की माणसाच्या कोटावर खडूने अक्षर लिहीत. डोळ्यांचा संशय असेल तर 'ई', हृदयाचा असेल तर 'एच'. ज्याच्या पाठीवर अक्षर, त्याला ते वाचता येत नसे! पण पुढे काय होणार हे त्या अक्षरावर ठरायचं. कुणाला परतीच्या बोटीत बसवलं जाई. घरचे आत आणि एकजण बाहेर, असंही होई.

गोष्टीतल्या बाबाला नव्या शहरात जी माणसं मदत करतात, ती सगळी अशीच कुठून तरी पळून आलेली आहेत. एकीला लहानपणी भट्टीत फावडं ओढायला लावलेलं, तिचं पुस्तक हिसकावून घेतलेलं. एक म्हातारा लढाईवर गेला आणि एक पाय गमावून परत आला तर गावच उरलं नव्हतं. ते पान काढताना चित्रकाराने फक्त सैनिकांचे पाय दाखवलेत. आधी फुलं तुडवणारे, मग चिखल, मग... असो. पालकहो, ही पानं लहान मुलांसोबत शेजारी बसून बघा. त्यांना एकटं सोडू नका.

पालकांचा विषय निघालाच आहे तर सांगते. पालकसभेत एका वडिलांनी मला सरळ विचारलं, "बाई, चौथीतली मुलं चित्रं कसली बघत बसलीत? पाढे घ्या त्यांचे." पाढे मी घेतेच! पण मी त्यांच्या हातात ते ढगांचं पान दिलं आणि म्हटलं, "सांगा, किती दिवस गेले?" त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. शेजारच्या काकूंनी मान वळवून पाहिलं. थोड्याच वेळात तिकडेही वाद सुरू! शब्द वाचणं हे एक काम. दोन चित्रांच्या मधली न काढलेली गोष्ट ओळखणं हे दुसरं काम आणि ते तितकंच अवघड आहे. आपल्या मुलाला 'कशावरून' सांगता येतं का, हे मला परीक्षेच्या पेपरात दिसत नाही. इथे दिसतं.

शब्द नसलेल्या पुस्तकांचा असा उपयोग मोठ्या माणसांच्याही लक्षात आलाय बरं का. नकाशात इटली शोधा. तिच्या दक्षिणेला, पार आफ्रिकेच्या जवळ, लाम्पेदुसा नावाचं चिमुकलं बेट आहे. लढाया आणि उपासमारीतून पळालेली हजारो माणसं आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून लहानशा बोटींत बसून या बेटाकडे येतात. सगळी पोचत नाहीत. ऑक्टोबर २०१३ मध्ये अशीच एक बोट बेटाजवळ बुडाली आणि साडेतीनशेहून जास्त माणसं गेली. जी मुलं पोचतात त्यांच्यात कुणी अरबी बोलणारं, कुणी फ्रेंच, कुणी आपण नावही न ऐकलेल्या भाषा बोलणारं. बेटावरची मुलं इटालियन. आणि बेटावर एकही वाचनालय नव्हतं! बालपुस्तकांसाठी काम करणाऱ्या 'इब्बी' या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१२ साली देशोदेशींची शब्दांविना पुस्तकं गोळा करायला सुरुवात केली. त्यांना 'सायलेंट बुक्स', म्हणजे 'मूक पुस्तकं' म्हणतात. स्थानिक मूल आणि बोटीतून आलेलं मूल एकाच पुस्तकावर डोकी जोडून बसू शकेल, अशी ही कल्पना. पुढे बेटावर वाचनालयही झालं.

या संस्थेची स्थापना १९५३ ची आणि ती करणाऱ्या येला लेपमन स्वतः निर्वासित होत्या. त्या ज्यू होत्या. हिटलरच्या जर्मनीतून १९३६ साली त्या मुलांना घेऊन इंग्लंडला गेल्या. युद्ध संपल्यावर त्या जर्मनीत परत आल्या. तिथल्या मुलांजवळ पुस्तकंच नव्हती. त्यांनी देशोदेशींना पत्रं लिहून बालपुस्तकं मागवली आणि १९४६ साली म्युनिकमध्ये प्रदर्शन भरवलं. चित्रांच्या पुस्तकांवर त्यांचा विशेष भर होता, कारण ती कुठल्याही भाषेतल्या मुलाला कळतात.

मोठ्या मुलांसाठी आणखी एक नाव सांगून ठेवते: पेरू देशातल्या इस्सा वातानाबे यांचं 'मिग्रान्तेस', २०१९ सालचं. काळ्याकुट्ट रानातून गाठोडी घेऊन चाललेले प्राणी, आणि एकही शब्द नाही. ते फार दुःखाचं आहे, सातवी-आठवीच्या आधी नको.

आणि हो, अशी पुस्तकं महाग असतात, सहज मिळत नाहीत, हे मला ठाऊक आहे. मग आपणच करू या की! आम्ही वर्गात केली. जुन्या कॅलेंडरची पानं, मागची बाजू कोरी. दोन पानं एकात एक घालून मधोमध दुमडली, दोऱ्याने शिवली, झाली आठ पानं. विषय एकच: आपल्या घरातलं कोण, कुठून, का आलं? आजी-आजोबांना, आईला विचारा. गाव सोडताना पिशवीत सगळ्यात आधी काय ठेवलं? नव्या जागी पहिल्या दिवशी काय चुकलं? कुणी मदत केली? ऐकून घ्या आणि काढा. अट एवढीच, एकही शब्द लिहायचा नाही, पाटीवरसुद्धा नाही! वर्गात वाटलं होतं, चार-पाचजणांचीच काही गोष्ट असेल. पण कुणाचे आजोबा कोयनेच्या धरणात गाव गेलं म्हणून उठलेले, कुणाचे पणजोबा कोकणातून मुंबईच्या गिरणीत आलेले, कुणाची आई लग्न होऊन मराठवाड्यातून आलेली. आमच्या बाकांवर मूळचा 'इथला' असा फक्त एकजण निघाला. आणि तो जरा हिरमुसलाच!

परवा त्या मुलीचे वडील एका फॉर्मवर सही करायला शाळेत आले. अंगावर सिमेंटची धूळ, दारातच उभे. माझं कन्नड शून्य, त्यांचं मराठी तेवढंच. काय बोलणार? मी टेबलावरचं पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी हात पँटला पुसले आणि उभ्याउभ्याच पानं उलटायला लागले. उलट्या जाहिरातीपाशी ते मोठ्याने हसले, इतके की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या. मग कागदाच्या पक्ष्याच्या पोटात पैसे घालून घरी पत्र पाठवल्याचं पान आलं. तिथे ते थांबले, लेकीला काहीतरी विचारलं.

"काय म्हणतात गं?" मी विचारलं.

"विचारतात, त्याची बायको आणि मुलगी येतात का नंतर?"

तिला उत्तर माहीत होतं. पुस्तक तिने कितीदा तरी वाचलेलं. पण तिने सांगितलं नाही. वडिलांच्या हाताखालून आपला हात घातला आणि पुढचं पान उलटलं.